विक्रम नेमका कुठे हुकला? एमी जॉन्सनच्या १९३०च्या उड्डाणाचा प्रकरण अभ्यास

१३ मे १९३०. ब्रह्मदेशात पाऊस लागला होता. रंगूनच्या अलीकडे काही मैलांवर इनसीन नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी तांत्रिक शाळेच्या फुटबॉल मैदानावर त्या दिवशी एक छोटं हिरवं विमान उतरलं, ओल्या गवतावरून घसरत थेट गोलपोस्टच्या मधून पार झालं आणि पलीकडच्या चरात जाऊन आदळलं. गोल झाला म्हणायला हरकत नाही, पण विमानाचा पुढचा पंखा मोडला, एक पंख फाटला आणि चाकांच्या आधाराची वाट लागली. आत २६ वर्षांची एमी जॉन्सन होती. इंग्लंडहून एकटीने ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि त्या मार्गावर एकट्याने सगळ्यात कमी दिवसांत उडण्याच्या विक्रमाच्या दोन दिवस पुढे होती.

ती ऑस्ट्रेलियाला पोचली, हे जगजाहीर आहे. एकटीने तिथवर उडत जाणारी ती पहिली स्त्री. विक्रम मात्र हुकला, आणि तो इनसीनच्या चरात बुडाला असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तारखा एकाखाली एक मांडल्या की वेगळंच चित्र दिसतं. ते मांडण्यासाठी हे टिपण. वाटेत मदत केलेल्या माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कामं तेवढी सांगितली आहेत.

पार्श्वभूमी

एमी इंग्लंडच्या हल बंदरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याची थोरली मुलगी. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकली, पदवी घेतली आणि लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत टायपिंग-पत्रव्यवहाराची नोकरी धरली. १९२८मध्ये स्टॅग लेनच्या लंडन एअरोप्लेन क्लबात ती विमान शिकायला लागली. तिथे सरकारी अनुदानामुळे शिकण्याचा खर्च नोकरदार मुलीच्या आवाक्यात होता.

शिकाऊ म्हणून तिची चमक कुणाला दिसली नव्हती. एकटीने विमान न्यायची परवानगी मिळायला तिला पंधराहून जास्त तास लागले, जे काम बाकीचे साधारण आठ-दहा तासांत उरकत. तिचं विमान जमिनीवर टेकतानाच गडबड होई. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. चालकाचा परवाना तिला जुलै १९२९मध्ये मिळाला.

दरम्यान तिने आणखी एक गोष्ट केली. नोकरीच्या आधी आणि नंतर ती हँगरमध्ये जाऊन मेकॅनिकांच्या हाताखाली राबू लागली. प्लग काढणं, साफ करणं, व्हॉल्व घासणं, तेल बदलणं. सुरुवातीला त्या पुरुषांना ही बाई इथे कशाला असं वाटलं असणारच, पण पुढे ते तिला ‘जॉनी’ म्हणू लागले. डिसेंबर १९२९मध्ये तिला विमान दुरुस्तीचा, म्हणजे ग्राउंड इंजिनिअरचा सरकारी परवाना मिळाला. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्यावर लिहिणारे लोक हा परवाना एका ओळीत उडवून पुढे जातात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

पैशाचं घोडं बरेच दिवस अडलं. तिने मोठमोठ्या लोकांना पत्रं लिहिली, बहुतेकांनी दाद दिली नाही. शेवटी नागरी विमानखात्याचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर यांच्यामार्फत तिची गोष्ट कॅस्ट्रॉल तेलवाल्या लॉर्ड वेकफील्ड यांच्या कानावर गेली. विमानाची निम्मी किंमत आणि वाटेतल्या इंधन-तेलाची सोय त्यांनी केली. बाकीचे पैसे वडिलांनी घातले. ६०० पौंडांना जिप्सी मॉथ जातीचं एक वापरलेलं छोटं विमान आलं. वडिलांच्या धंद्याच्या मासळीवर जो छाप असे, त्यावरून त्याचं नाव ठेवलं ‘जेसन’.

अडचण

जेसन कसं होतं ते आधी डोळ्यांपुढे आणू. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, कापडावर ते घट्ट आणि जलरोधक करणारा लेप, ज्याला धंद्यात डोप म्हणतात. पुढे सुमारे १०० अश्वशक्तीचं इंजिन. बसायची जागा उघडी. रेडिओ नाही. चाकांना ब्रेक नाहीत. जमिनीवर उतरल्यावर शेपटीखालची पट्टी मातीत घासत जाते आणि त्या घासण्यानेच विमान थांबतं. कोरड्या, लांबलचक मैदानावर हे चालून जातं. ओल्या गवतावर किंवा आखूड मैदानात आपण कुठे थांबणार हे चालकाच्या हातात फारसं राहत नाही.

लांबच्या पल्ल्यासाठी त्यात जादा टाक्या बसवल्या होत्या. पण त्यातलं पेट्रोल आपोआप इंजिनाला जात नसे. डोक्यावरच्या पंखातल्या टाकीत ते हातपंपाने चढवावं लागे. म्हणजे एका हाताने दांडा धरायचा, गुडघ्यावरच्या नकाशाकडे बघायचं आणि दुसऱ्या हाताने पंप मारत राहायचं. पेट्रोलचा वास नाकात बसून तिला मळमळायचं. दिवसाला आठ, दहा, बारा तास हेच.

मुक्काम गाठला की इंजिनाची रोजची देखभाल, आणि तीही बहुतेक स्वतःच. मग जेमतेम तीन-चार तास झोप, पहाटे पुन्हा उड्डाण.

तिची शिदोरी किती होती? एकूण शंभराहूनही कमी तासांचं उड्डाण. सगळ्यात लांबचा प्रवास लंडन ते हल, म्हणजे आपल्या मुंबई–नाशिकच्या सुमारे दीडपट. समुद्र कधी ओलांडला नव्हता. आणि समोर होते ११,००० मैल.

शिवाय बर्ट हिंकलर या वैमानिकाचा आकडा. फेब्रुवारी १९२८मध्ये हिंकलर एकटा साडेपंधरा दिवसांत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पोचला होता. एमीने तो मोडायचं ठरवलं, आणि तिथून पुढे तिच्या रोजच्या मुक्कामाचं गाव या आकड्याने ठरवलं. मैदान बरं आहे का, उजेड किती उरेल, टाकीत काय उरेल, हे प्रश्न मागे पडले. सगळी गोम इथे आहे.

कोणते पर्याय होते

मार्गाचा निर्णय पहिला. बाकीचे लोक साधारणपणे इटलीवरून भूमध्य समुद्राच्या कडेने जात. तिने नकाशावर सरळ रेघ मारली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास, कराची. अंतर वाचलं, पण बदल्यात तुर्कस्तानचे टॉरस पर्वत आणि इराकचं वाळवंट पदरात आलं.

ऋतूचा निर्णय दुसरा. हिंकलर फेब्रुवारीत गेला होता, तेव्हा ब्रह्मदेशात आभाळ कोरडं असतं. एमी निघाली ५ मे रोजी. मे महिन्याच्या मध्याला बंगालच्या उपसागरावर काय चालतं हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण आणखी सहा-सात महिने थांबायचं तर वेकफील्ड यांचा उत्साह टिकेल का, दुसरी कुणी बाई मधेच निघून जाईल का, ही टांगती तलवार होती. पैसे एप्रिलमध्ये हातात आले आणि ती मे महिन्यात निघाली. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. फक्त पावसाची किंमत वेळापत्रकात धरलेली नव्हती, एवढंच.

तिसरा निर्णय सामानाचा. छोट्या विमानात एकेक शेर वजनाचा हिशेब असतो. तरीही तिने एक अख्खा जादा पंखा विमानाच्या अंगाला बांधून घेतला. कपडे कमी घेतले, हत्यारं आणि सुटे भाग जास्त.

सुट्या भागांवरून आपल्या इकडची एक गोष्ट आठवते. त्याच महिन्यात आगाखान बक्षिसासाठी इंग्लंड–भारत उड्डाणाची स्पर्धा चालू होती. सतरा वर्षांचा अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होता आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून उलट दिशेने निघाले होते. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अॅस्पीकडे स्पार्क प्लग नव्हते म्हणून तो अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी स्वतःकडचे दिले. बक्षीस अॅस्पीला मिळालं. या काळातल्या उड्डाणांत शर्यत बऱ्याचदा हवेत नाही, तर पेटीतल्या चार प्लगांवर ठरत होती.

काय घडलं: कराचीपर्यंत

लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर पहिल्या प्रयत्नात विमान उचललंच नाही, एवढं पेट्रोल भरलं होतं. दुसऱ्या खेपेला उचललं. निरोप द्यायला वडील आणि मोजकी माणसं. वर्तमानपत्रांना या प्रकरणात अजून काही दिसलं नव्हतं.

पहिल्या दिवशी व्हिएन्ना, दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल. तिसऱ्या दिवशी टॉरसच्या घाटात ढगांतून रेल्वेमार्ग हुडकत अलेप्पो. चौथ्या दिवशी बगदादच्या वाटेवर वाळूचं वादळ. विमान हजारो फूट खाली फेकलं गेलं, तेव्हा दिसेल तिथे तिने ते वाळवंटात टेकवलं. चाकांना सामानाची अडण लावली, इंजिनावर कापड टाकलं, आणि वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून शेपटीवर पिस्तूल घेऊन बसून राहिली. वादळ ओसरल्यावर पुन्हा उडाली. बगदादला उतरताना चाकांच्या आधाराची दांडी तुटली. तिथल्या लोकांनी ती रातोरात जोडून दिली. बंदर अब्बासला उतरताना पुन्हा चाकाकडचा भाग मोडला, पुन्हा रातोरात जोडला गेला.

१० मे रोजी ती कराचीत होती. इंग्लंड ते हिंदुस्थान सहा दिवसांत. हिंकलरला आठ लागले होते. आता मात्र सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांना जाग आली आणि ‘टायपिस्ट मुलगी’ पहिल्या पानावर गेली.

आपल्याकडे त्याच दिवसांत काय चाललं होतं हेही डोक्यात असू द्यावं. ती क्रॉयडनहून निघाली त्याच दिवशी, ४ मेची मध्यरात्र उलटल्यावर, गांधीजींना कराडीला अटक झाली होती. १२ मे रोजी ती झाशीहून अलाहाबादमार्गे कलकत्त्याला उडत होती, आणि त्याच दिवशी सोलापुरात मार्शल लॉ जारी झाला. खाली देश पेटलेला आणि वरून हे हिरवं विमान चाललेलं. तिचा मुक्काम बहुतेक ठिकाणी लष्करी किंवा सरकारी छत्राखालीच पडत असल्यामुळे या दोन गोष्टींची गाठ पडली नाही.

पहिला निर्णायक क्षण: झाशी

११ मे. कराचीहून एका दमात अलाहाबाद गाठायचं तिने ठरवलं. हे अंतर सुमारे सव्वानऊशे मैल. मॉथ तासाला ८०-८५ मैल जातं असं धरलं, तर वारा पडलेला असताना अकरा तास लागतात. समोरून वारा आला की हिशेब कोलमडतो. आला, आणि कोलमडला. इंधन संपत आलं. अलाहाबाद गाठणं शक्य नाही हे कळल्यावर ती झाशीला उतरली, तेही विमानतळावर नाही. पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर उतरली.

मैदान विमानासाठी केलेलं नव्हतं. ब्रेक नसलेलं जेसन झाडं आणि शिपाई चुकवत धावलं, एका खांबाला घासलं आणि दोन बराकींच्या मधे जाऊन अडकलं. पंखाचं नुकसान झालं. शिपायांनी विमान बाहेर काढलं, गावच्या सुताराने पंखाची लाकडं सांधली, इंजिनाचं काम तिने स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली, अलाहाबादला पेट्रोल घेतलं आणि संध्याकाळी कलकत्त्याला डमडमला पोचली.

वेळ गेला नाही म्हणून या प्रसंगाची आठवण आता मौजेने सांगितली जाते. मला तो सगळ्यात महत्त्वाचा इशारा वाटतो. कराची–जोधपूर–दिल्ली हा विमानटपालाचा मार्ग डिसेंबर १९२९पासून चालू झाला होता. म्हणजे वाटेत जोधपूरला नीट मैदान होतं, पेट्रोल होतं, विमानांची सवय असलेली माणसं होती. तिथे तास-दीड तास मोडला असता तर झाशीचा प्रसंगच आला नसता. बगदाद, बंदर अब्बास आणि झाशी अशी ओळीने तिसरी मोडतोड, आणि तिन्ही उतरताना. हवेत काही बिघडलं नव्हतं. इंजिन उत्तम चाललं होतं, कारण त्याची काळजी ती स्वतः घेत होती. बिघडत होता तो दिवसाचा शेवट: थकलेली चालक, अनोळखी मैदान, संपत आलेलं पेट्रोल.

तिने हा धडा घेतला नाही. घ्यायला बसून विचार करायची फुरसत लागते, आणि तीच नव्हती.

दुसरा निर्णायक क्षण: इनसीन

कलकत्त्याहून रंगून. मधे अराकानचे डोंगर, आणि त्यावर लागलेला पाऊस. खाली काही दिसेना. रंगूनच्या घोडशर्यतीच्या मैदानावर उतरायचं होतं, ते सापडेना. एक मोकळी हिरवी जागा दिसली, तिलाच मैदान समजून तिने विमान खाली घेतलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

विमान मोडलं, पण मोडलं ते एका तांत्रिक शाळेच्या दारात. याला नशीब म्हणा. अख्ख्या ब्रह्मदेशात सुतारकाम, लोहारकाम शिकवणारी कार्यशाळा शोधायला निघालात तर दुसरी कुठे सापडली असती कोण जाणे.

आता तिच्यापुढे काय होतं? नवा पंख मागवायचा तर तो बोटीने येणार, म्हणजे आठवडे. विमान बोटीवर चढवून स्वतः ऑस्ट्रेलिया गाठायची, म्हणजे उड्डाण संपलं. तिसरा मार्ग म्हणजे इथल्या हातांनी, इथे मिळेल त्या मालाने ते उभं करायचं आणि खाली समुद्र असताना त्याच्यावर जीव सोपवायचा. तिने तिसरा निवडला. हा निर्णय धाडसाचा वाटतो, पण मला तो धाडसाचा वाटत नाही. सांधा पक्का बसला की नाही, फळी योग्य जाडीची आहे की नाही, कापड पुरेसं ताणलं आहे की नाही, हे तिला स्वतःच्या बोटांनी कळत होतं. डिसेंबरचा तो परवाना इथे वसूल झाला. नुसत्या चालकाला दुसऱ्याच्या ‘झालं बाई’वर विश्वास ठेवून उडावं लागलं असतं.

जादा पंखा अंगाला बांधलेला होताच, तो चढवला. फाटलेला पंख शाळेच्या कार्यशाळेत गेला. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मोडलेल्या बरगड्या नव्या लाकडाच्या केल्या. मग कापड. विमानाच्या पंखाला चालेल असं तागाचं पातळ, घट्ट विणीचं कापड आणायचं कुठून? कुणाच्या तरी लक्षात आलं की महायुद्धानंतर उरलेलं विमानाचंच कापड स्वस्तात विकलं गेलं होतं आणि गावातल्या लोकांनी त्याचे शर्ट शिवले होते. शर्ट गोळा झाले. ते उसवले, तुकडे पुन्हा जोडून शिवले आणि पंखावर ताणून बसवले. एका पंखावर किती जणांच्या बाह्या आणि कॉलरी गेल्या असतील!

उरला लेप. डोप संपलेलं होतं. रंगूनमधल्या एका औषधवाल्याने वास घेऊन आणि अंदाज बांधून एक गुलाबीसर मिश्रण तयार केलं. ते लागलं.

१६ मे रोजी जेसन रंगूनहून उडालं आणि बँकॉकला पोचलं. पंख शेवटपर्यंत टिकला.

तिसरा टप्पा: जावा आणि तिमोर

इथून पुढचा भाग लोक झटपट सांगतात, म्हणून जरा नीट पाहू. १७ मे सियाममधलं सिंगोरा, १८ मे सिंगापूर. १९ मे रोजी जावा बेटावर वारा-पावसाने पुढे जाऊ दिलं नाही. तिने त्जोमाल इथल्या उसाच्या मळ्याच्या आवारात विमान उतरवलं. तिथे जमिनीत बांबूच्या खुंट्या रोवलेल्या होत्या, त्यांनी पंखाच्या कापडाला भोकं पाडली. ती औषधी चिकटपट्टीने बुजवली, जखमेला लावतात तीच. २० मे रोजी सेमारांग, तिथून टपालविमानाच्या मागोमाग सुराबाया. तिथे इंजिनासाठी एक दिवस मोडला. २२ मे रोजी तिमोर बेटावर अताम्बुआचं मैदान अंधार पडेपर्यंत सापडलं नाही, तेव्हा ती हालिलुलिक या खेड्याजवळ वारुळांनी भरलेल्या माळावर उतरली. जगाला तिचा पत्ता लागेना. बेपत्ता झाल्याच्या बातम्या सुटल्या. मग जवळच्याच अताम्बुआला छोटी उडी, आणि २४ मे रोजी तिमोरचा समुद्र.

५०० मैल नुसतं पाणी. मधे एक तेलवाहू जहाज दिसलं, तेवढीच सोबत. दुपारी साडेतीनच्या सुमारास डार्विन.

परिणाम आणि हिशेब

साडेएकोणीस दिवस. हिंकलरहून चार दिवस जास्त. त्याने कुणाचं काही अडलं नाही. डेली मेल या वर्तमानपत्राने १०,००० पौंड दिले, राजाने सीबीई किताब दिला, तिच्यावर गाणी रचली गेली. पण आपण विक्रमाचा हिशेब करतो आहोत, तर तो पुरा करू.

५ मेच्या सकाळपासून साडेपंधरा दिवस म्हणजे २० मेची संध्याकाळ. त्या वेळी ती जावात होती. इनसीनमुळे किती वेळ गेला? सगळं ठीक असतं तर १४ मेच्या सकाळी निघाली असती, प्रत्यक्षात १६ मेला निघाली. म्हणजे दोन दिवस. हे दोन दिवस २४ मधून वजा केले तरी २२ मे येतो, २० नाही. इनसीनने फक्त कराचीला कमावलेली आघाडी खाल्ली. पुढचे चार दिवस सिंगापूरनंतर गेले: त्जोमाल, सुराबाया, हालिलुलिक, अताम्बुआ. तिथे कुठली नाट्यमय मोडतोड नव्हती. पाऊस, चुकलेली मैदानं, एक दमलेली बाई आणि सर्व्हिसिंग मागणारं इंजिन, एवढंच. अपघात लक्षात राहतो, झीज लक्षात राहत नाही, म्हणून दोष इनसीनच्या वाट्याला आला.

उलट बाजूही मांडायला हवी. इनसीनला विश्रांती मिळाली नसती आणि ती तशीच १४ तारखेला पुढे रेटत गेली असती, तर मलायातल्या पावसात काय झालं असतं सांगता येत नाही. त्या दोन दिवसांत ती दुरुस्तीत गुंतलेली होती, पण निदान उडत नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

जोधपूरचा मुद्दा वर आला आहे. तोच नियम सगळ्या मार्गाला लावला असता तर? दिवसाच्या मुक्कामाला उजेडाचे दोन तास आणि टाकीत दोन तासांचं पेट्रोल उरलं पाहिजे, नाहीतर अलीकडच्या मैदानावर थांबायचं. अशा नियमाने कराचीच्या आधी ती कदाचित एक दिवस मागे पडली असती. पण झाशी नक्की टळली असती, आणि इनसीनला शर्यतीचं मैदान शोधायला घिरट्या घालायची मुभा मिळाली असती.

दुसरी गोष्ट, विक्रमावरचं लक्ष. कराचीपर्यंत तो आकडा तिला उपयोगी पडला, त्याने जग जागं झालं. इनसीननंतर बँकॉकला पोचताच ‘आता विक्रम नाही, फक्त डार्विन’ असं स्वतःशी ठरवून मुक्काम जवळ-जवळ केले असते, तर जावातले दिवस कमी खडतर गेले असते. आघाडी गेल्यावर वेळापत्रक बदलायचं असतं, हे कळणं मात्र उडणाऱ्यापेक्षा जमिनीवर बसून टिपणं लिहिणाऱ्याला सोपं असतं, हे मला मान्य आहे.

तिसरी गोष्ट उतरण्याच्या सरावाची. स्टॅग लेनला जे कच्चं राहिलं होतं ते ११,००० मैलांतही पक्कं झालं नाही. तिच्या शिकाऊ दिवसांत आणखी वीस-तीस उतरणी, त्यातल्या काही मुद्दाम आखूड आणि ओल्या मैदानांवर करून घेतल्या असत्या, तर इंजिन शिकण्याइतकाच त्याचा उपयोग झाला असता. पण प्रत्येक तासाला पैसे पडत होते आणि हँगरमधली मेहनत फुकट होती. नोकरदार मुलीने जे फुकट होतं ते मन लावून शिकलं. यात तिला दोष कसा द्यायचा?

२९ मे रोजी ब्रिस्बेनला ईगल फार्म मैदानावर हजारोंची गर्दी तिची वाट पाहत होती. वाऱ्याचा अंदाज चुकला, जेसन मैदानात हवं तिथे टेकलं नाही, पुढे धावत जाऊन कुंपणात घुसलं आणि उलटलं. तिला फारशी इजा झाली नाही. तिथून पुढे सिडनीला ती गेली ती दुसऱ्याच्या विमानात, प्रवासी म्हणून.